लिटरमागे चार

वहीत सतरा लिहिलंय, ओळीनं, गेला हिवाळाभर.
कधी सोळा पूर्णांक आठ. वारा पाठीशी असला की अठरा.
मग सर्व्हिसिंग.
मग तेरा.

न्यामसुरेन म्हणतो, थंडी आहे.
थंडी काय उलानबातरला काल आली?
उणे एकतीसला हीच गाडी, हाच चढ,
बाजारापासून टेकडीवरच्या नमद्याच्या तंबूंपर्यंत
हीच माणसं, त्यांची हीच पोती,
आणि सतरा.
मी एकवीस वर्षं शाळेची फी मोजली आहे.
थंडीचा आकडा वेगळा दिसतो, चुकीचा वेगळा.

पाणी कुठेतरी मुरतंय म्हणावं
तर इथे पाणी मुरत नाही, गोठतं.

पुरेवजावनं बिल पसरलं, एकेका ओळीवर बोट दाबत गेला:
ऑइल, फिल्टर, हिवाळी टायर, ब्रेकचे पॅड.
सगळं नवं. नवं म्हणजे बरंच, असा त्याचा चेहरा.
तरी त्यानं पाहिलं, खोटं कशाला बोलू.
गाडी उचलून चारही चाकं हातानं फिरवली,
ब्रेक कुठे धरत नव्हता.
हवा कमी होती, भरली.
ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवली.
मागच्या सीटजवळची, बॅटरीला वारा देणारी जाळी काढली,
तिच्यात मेंढीची लोकर, एक बटण,
आणि आमच्या सारनाईचा हरवलेला दुधाचा दात.
तो मी रुमालाच्या गाठीत बांधला.

तेरा पूर्णांक चार.

मग एक दिवस मी नवऱ्याशेजारी बसूनच राहिले,
सकाळपासून, वही मांडीवर.
डॅशबोर्डातली जपानी बाई गाडी सुरू होताना काहीतरी सांगते,
सहा वर्षांत आम्हाला तिचं अक्षर कळलेलं नाही.
पण सिग्नलला ही गाडी गप्प व्हायची.
इतकी गप्प, की मागच्या सीटवरचे लोक
आपलं भांडण अर्ध्यावर सोडायचे.
आता लाल दिवा, आणि इंजिन चालूच.
पुढचा लाल दिवा. चालूच.
गुडघ्यांवर येणारा वारा कोमट,
काल रात्रीच्या चहासारखा.

ही तापत नाही, मी म्हणाले,
म्हणून विझत नाही.

गॅरेजात हे सांगितलं तेव्हा
पुरेवजाव काही बोलला नाही.
त्याचा पोरगा नेर्गुई बोलला,
नाव म्हणजे 'बिननावाचा', दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं.
पुढच्या जाळीत तारेनं बांधलेलं काहीतरी होतं, म्हणाला,
काळं, तेलकट. धुताना काढलं.
मला वाटलं घाण आहे.

सासऱ्यांच्या खोगिराखालचा नमदा तो.
मीच कापला होता, शिवणीची कात्री बोथट करून,
थंड वारा थेट आत शिरू नये म्हणून.
बिलात ती ओळ नव्हती.
काढलेल्या गोष्टीचं बिल कोण करतं?

तो सापडला, कंप्रेसरमागे.
त्यावर गॅरेजची कुत्री, आणि पाच पिल्लं,
डोळे अजून न उघडलेली.
नेर्गुई ओढायला वाकला, कुत्रीनं दात दाखवले.
राहू दे, म्हटलं.
रुमाल सोडला, पुरेवजावकडून चरबीचा गोळा मागितला,
त्यात सारनाईचा दात गुंडाळून तिच्यापुढे धरला.
आमच्यात तो कुत्र्यालाच देतात.
तिनं चावलंसुद्धा नाही, गिळून टाकला.

घरी न्यामसुरेनच्या अंथरुणाखालचा नमदा मी मापानं कापला.
तो कुरकुरला, पाठ गारठते म्हणाला.
मी म्हटलं, इंजिनाची आधी.

आज सोळा पूर्णांक सहा.
उरलेला पॉइंट चार कुठे गेला?
थंडी, तो म्हणतो.

असेल. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, थंडी,
पेन्सिलीनं.